कुंभारीला निघाली की खोकणारी मोटार

मोटार मी हौसेनं घेतली नव्हती. टांगेवाला आधी घोड्याला चारा घालणार, मग स्वतःच्या तोंडात पान कोंबणार, मग निघणार, आणि जन्माला येऊ घातलेल्या मुलाला तेवढा दम नसतो, हे माझ्या ध्यानात आल्यावर घेतली. सोलापुरात तेव्हा बाईनं डॉक्टर असणं लोकांनी कसंबसं पचवलं होतं. बाईनं मोटार हाकणं मात्र त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. गिरणीचा भोंगा होऊन माणसं बाहेर पडायची तेव्हा मी त्या रस्त्यानं गेले, तर निम्मी पाळी थांबून बघत राही. मी बघू देत असे. मला कुणी बघितल्यानं काही होत नाही, पण माझ्या कामात कुणी आडवं आलं की माझं डोकं फिरतं. त्या वर्षी आडवी आली ती मोटारच.

रोग असा होता. इंजिन सुरू करून गाडी जागेवर उभी ठेवली की ती थरथरायची. चार ठोके सरळ पडत, मग एखादा चुकायचा, मग दोन नीट, पुन्हा एक गायब. मागच्या सीटवर माझी औषधांची पेटी असे. तिच्यातल्या बाटल्या किणकिणायला लागल्या की समजायचं, आज बाईसाहेबांचं बरं नाही. चालवायला घेतली तर झटके देत, खोकत पुढं जायची. चढावर तर जीव नको करायची. पण रोज नव्हे. चार दिवस अगदी गुणी बाळासारखी चाले आणि पाचव्या दिवशी काय अंगात येई कोण जाणे.

स्टेशनच्या रस्त्याला एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. गाडीतलं त्यांना पुष्कळ कळत असे आणि न कळलेलंही ते ठासून सांगत. त्यांच्याकडे नेली की मोटार शहाणी. मिस्त्री आधी फडकं घेऊन सगळं इंजिन पुसून काढत, मग कान लावून ऐकत, मग माझ्याकडे असे बघत, की दुखणं मोटारीला नसून मलाच असावं. एकदा त्यांनी प्लग घासले आणि म्हणाले, झालं. एकदा कार्बुरेटर उघडून फुंकला आणि म्हणाले, झालं. दोन्ही वेळा खरंच झालं, आणि दोन्ही वेळा आठवडाभरात पुन्हा बाटल्या किणकिणायला लागल्या. शेवटी त्यांनी गाडीला दृष्ट लागल्याचं सांगितलं. मी त्यांना म्हटलं, दृष्ट काढायला माझ्या घरी माझी आई आहे, त्यासाठी मी गॅरेजात येत नाही.

हे सगळं मी हसून सोडूनही दिलं असतं. पण त्या वर्षी कुंभारीची ती मुलगी होती.

कुंभारी म्हणजे सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्यानं निघालं की लागणारं गाव. तिथल्या एका शेतकऱ्याची सून, वय कोवळं, दोन बाळंतपणं झालेली आणि पदरात एकही मूल नाही. दोन्ही वेळा मूल अडलं. दोन्ही वेळा सुईण होती, दोन्ही वेळा बैलगाडी जुंपून कुणीतरी शहराकडे निघालं होतं, आणि डॉक्टर पोचायच्या आत सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या खेपेला तिचा नवरा तिला माझ्या दवाखान्यात घेऊन आला. मी तपासलं. हाडांची वाट अरुंद होती, पण वेळेवर हात लागला तर मूल वाचवता येईल अशी होती. मी म्हटलं, दिवस भरत आले की इथंच आणून ठेवा. नवरा तयार होता. सासू तयार नव्हती. त्यांच्या घरची सून परक्या छपराखाली बाळंत होणार नाही, हे तिनं मला माझ्याच छपराखाली बसून सांगितलं. भांडून उपयोग नव्हता. मग मी शब्द दिला, निरोप आला की मी येते. तोवर अधूनमधून येऊन बघून जाईन.

त्या मुलीनं माझ्या हाताला घट्ट धरलं होतं. ती पकड मला पुढं कितीतरी दिवस मनगटावर जाणवायची.

आणि मोटार खोकायची ती नेमकी कुंभारीला जाताना. एका खेपेला तर गावाअलीकडच्या चढावर तिनं मानच टाकली. मी पेटी हातात घेऊन उन्हातून चालत गेले. पोचले तेव्हा पदर घामानं चिकटलेला, तोंड धुळीनं माखलेलं, आणि दारात सासू उभी. मुलीला नुसतं तपासायचं होतं, उशीर झाल्यानं काही बिघडलं नव्हतं. पण ती म्हातारी शहाणी होती, तिला जे दिसायचं ते दिसलं.

"बाई, तुमची गाडी नांदती तवा तुमी येणार," ती म्हणाली. "आमच्या सुनंचं पोट काय गाडीची वाट बघत बसतंय व्हय? तुमचं ऱ्हाऊ द्या. आमी आमच्या सुईणीलाच बोलावतो की."

मला राग आला, आणि राग यायला जागा नव्हती म्हणून जास्तच आला. मी म्हटलं, एकदा निरोप धाडून बघा, मी वेळेवर आले नाही तर पुन्हा या गावात तोंड दाखवणार नाही. म्हातारीनं मुलाकडे बघितलं, मग सुनेकडे. बरं म्हणाली. पण तिच्या त्या बरंमध्ये काडीचा विश्वास नव्हता. परत येताना मोटार सुतासारखी सरळ चालली, त्यामुळे मी तिला रस्ताभर शिव्या घातल्या.

त्या दिवशी मी ठरवलं की आता मिस्त्री नको. हा आजार मी बघते. थांबून थांबून येणाऱ्या तापाचे रोगी मी थोडे पाहिले नव्हते. ताप नसताना रोग्याची नाडी धरून बसण्यात अर्थ नसतो. त्याला विचारायचं असतं, येतो कधी, येण्याआधी काय खाल्लंस, कुठं गेला होतास. मोटारीला तोंड नव्हतं, तेव्हा सगळे जबाब मलाच द्यायचे होते.

आधी सरळ गोष्टी केल्या. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हणून मऊ कातड्यातून गाळून घेतलं. प्लग काढले, काजळी खरवडली, पुन्हा बसवले. तारा कुठं खरचटल्यात का ते बोटानं चाचपून बघितलं. मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मी तितक्याच निष्ठेनं वाचलं, जितक्या निष्ठेनं शरीररचनेचं वाचलं होतं. अव्वा, म्हणजे माझी आई, ओट्यावर बसून हे बघत असे. आमचं घर मूळचं अक्कलकोटकडचं, घरात निम्मं कानडी, म्हणून आई ती अव्वा. वडील गेल्यावर ती माझ्याकडेच राहायची. माझे काळे हात बघून ती म्हणायची, लग्न केलं असतंस तर निदान तव्याची तरी काजळी असती. मी पुढचा प्लग खरवडायला घेत असे.

मोटार तरीही खोकली. कुंभारीला निघाले, फाटकातून बाहेर पडायच्या आत बाटल्या वाजल्या.

मग मी म्हटलं, त्या रस्त्यातच काही असेल. खड्ड्यांनी एखादी तार हलत असेल. एका दुपारी दवाखाना रिकामा होता, तशीच उठले आणि कुणाला काही न सांगता कुंभारीपर्यंत जाऊन आले. तोच रस्ता, तेच खड्डे, तोच चढ. मोटार चढावर सुद्धा गात होती. म्हणजे रस्ता नव्हे. मग वाटलं, सकाळचा गारवा असेल. दुसऱ्या दिवशी पहाटेच सोलापुरातल्याच एका बाळंतिणीसाठी अचानक बोलावणं आलं. तेव्हाही काही नाही. गारवाही नव्हे. मी कुंभारीला बहुतेक सोमवारी जात असे, म्हणून वारही धरून बघितला. एका खेपेला जाणं गुरुवारवर टाकलं. गुरुवारी खोकली.

मी ओट्यावर बसले आणि डोक्यात सगळं पुन्हा मांडलं. अचानक आलेल्या बोलावण्याला मोटार एकदाही अडली नव्हती. अडायची ती आधी ठरवलेल्या, लांबच्या, अवघड कामाला. माझं कुठलं काम अवघड आहे हे यंत्राला कळत नाही. मग कळतं कुणाला? ठरवलेलं काम मी आदल्या रात्री जेवताना बोलते. जेवायला आम्ही दोघीच असतो.

मला आधी हसू आलं. मग हसू गेलं.

त्या रात्री भाकरी मोडता मोडता मी सहज म्हणाल्यासारखं केलं, उद्या सकाळी कुंभारीला जायचंय, त्या पोरीचे दिवस भरत आलेत. अव्वानं वाटीत आमटी वाढली आणि फक्त हूं म्हटलं. सकाळी मी तिच्याआधी उठून दवाखान्याच्या खोलीत गेले आणि खिडकीच्या पडद्याआड उभी राहिले. मोटार बाहेर पत्र्याखाली उभी होती.

अव्वा आंघोळ करून, ओल्या केसांची गाठ मारून आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात विभूतीची डबी. मोटारीजवळ जाऊन तिनं आधी इकडंतिकडं बघितलं. मग बॉनेटची खीळ काढली, एका बाजूचा पत्रा उचलून वर टेकवला. माझ्या आईला बॉनेट उघडता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मिस्त्रींपेक्षा कमी आवाज करून उघडलं तिनं.

इंजिनाच्या अंगाला एक काळी गोल टोपी असते. करंट तिच्यात येतो आणि तिथून जाड तारांनी एकेका प्लगला वाटला जातो. काळीभोर, गुळगुळीत, वर घुमटीसारखी. आम्ही लिंगायत. आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं इष्टलिंग असतं, काळं, गुळगुळीत, घुमटीसारखं. अव्वा ते रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याला पाणी घालायची, विभूती लावायची. आता तिनं त्या काळ्या टोपीवर, तारांच्या मधून, तांब्यातलं पाणी थोडं थोडं सोडलं. मग तीन बोटं विभूतीत बुडवून तिच्यावर आडवे पट्टे ओढले. एक बेलाचं पान वर ठेवलं, हात जोडले, ओठ हलवले. पान उचलून पदरात बांधलं, कारण निर्माल्य तसंच ठेवायचं नसतं. पदराच्या टोकानं वरवर टिपलं आणि बॉनेट लावून घेतलं.

मी बाहेर गेले नाही. ती आत गेल्यावर गेले, इंजिन सुरू केलं. बाटल्या किणकिणल्या. बंद केलं, ती टोपी कोरड्या फडक्यानं खसखसून पुसली, तारा बसतात त्या खाचांतली ओली राख काडीनं काढली. पुन्हा सुरू केलं. एकसारखे ठोके. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. रोग मुद्दाम आणून बघावा म्हणून मी ओंजळीतलं पाणी आणि चिमूटभर राख स्वतःच्या हातानं पुन्हा तिथं टाकली. मोटार थरथरली. पुसली, थांबली. करंटाला प्लगपर्यंत जायचं असतं, ओल्या राखेवरून तो आपापसातच वाहून जात होता. इंजिन तापून ओल वाळली की गाडी आपोआप बरी. मिस्त्री फडकं फिरवायचे, म्हणून त्यांच्याकडे कायम बरी. आणि म्हातारीच्या गावाअलीकडच्या चढावर ती बंद पडली, त्या दिवशी अव्वानं बहुधा जरा जास्तच पाणी घातलं असणार.

आता सांगायला हवं होतं, आणि मी सांगितलं. मला गोड बोलता येत नाही. मी तिला म्हटलं, गेले दोन महिने मी काळं तोंड करून गावभर फिरतेय, त्या पोरीच्या सासूकडून बोलणी खातेय, आणि हे तुझ्या पूजेमुळं. कुणी सांगितलं तुला तिथं हात लावायला?

तिच्या तोंडून कळलं, मिस्त्री एकदा घरी गाडी बघायला आले होते, तेव्हा तिनं त्यांना चहा दिला आणि विचारलं होतं, यात जीव कुठं असतो? मिस्त्रींनी त्या काळ्या टोपीवर हात ठेवून सांगितलं होतं, "अम्मा, जान इसमें है." ते खोटं नव्हतंच.

 मग अव्वानं एवढंच विचारलं, "त्या चढावर माझ्यामुळं थांबली?"

"हो," मी म्हटलं.

ती उठून आत गेली. त्यानंतर ती मोटारीजवळ फिरकली नाही. अंगणातून जायचं झालं तरी भिंतीच्या कडेकडेनं जाई. जेवताना मी कुठं जाणार हे विचारीनाशी झाली. घरातलं माणूस गप्प झालं की भांड्यांचा आवाज मोठा होतो, तसं झालं. माझं बरोबर होतं, आणि तरी मला घास गोड लागेना. पण मोटार कुठंच अडत नव्हती, आणि मला त्या दिवसांत तीच एक गोष्ट हवी होती.

निरोप आला तो सकाळी, मी रोग्यांना बोलवायला सुरुवात केली होती तेव्हा. मुलीचा नवरा सायकलवर आला होता आणि त्याला धाप लागून बोलता येत नव्हतं. "कळा पहाटेपास्नं," तो म्हणाला. "आई म्हणती, वाट बघू थोडी. लई न्हाय बघणार."

मी पेटी उचलली, त्याची सायकल अंगणात टाकायला लावून त्याला मागं बसवलं, इंजिन सुरू केलं. ठोके एकसारखे. बाटल्या गप्प. पाय क्लचवर ठेवला आणि बघते तो दारात अव्वा. हातात तांब्या. ती पुढं येत नव्हती आणि मागंही जात नव्हती.

"मी हात लावत नाही," ती म्हणाली. "पण कोरडी नेऊ नको, पोरी. माझ्या पहिल्या वेळेला गडबडीत बैलांना पाणी दाखवलं नाही, विभूती लावली नाही. ओढ्यात गाडी रुतली. मूल झालं ते रडलंच नाही. तुझ्या वेळेला माझ्या आईनं बैलांच्या पायावर घागर ओतली, मग जुंपू दिली."

मला एक भाऊ होऊन गेला होता हे मला माहीत होतं. ओढा, बैल, पाणी, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी रोज बायकांना खोदखोदून त्यांची जुनी दुखणी विचारते, आणि घरच्या बाईला कधी विचारायचं मनात आलं नाही.

मी इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरले, मोटारीच्या अगदी पुढं असलेल्या पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं. इंजिन अजून थंड होतं.

"इथं घाल," मी म्हटलं. "ही रोज पाणी मागते. नुसतं पाणी हं, दूध नको, बेल नको. विभूती बाहेरून लाव."

तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, मी तिची समजूत काढतेय का ते बघायला. मग पुढं आली आणि तांब्या ओतला. टाकी खरंच थोडी रिकामी होती, पाणी आत गडगडत गेलं, तो आवाज तिनं ऐकला. झाकणाच्या खाली पितळी पट्टीवर तिनं तीन बोटं ओढली. मागं बसलेल्या त्या नवऱ्यानंही हात जोडले.

कुंभारीच्या रस्त्याला मी तशी मोटार पुन्हा कधी हाकली नाही. बैलगाड्या बाजूला होत होत्या, त्या मुलीच्या नवऱ्यानं मागची सीट दोन्ही हातांनी धरली होती, आणि मी कान इंजिनाकडे लावून बसले होते. एक ठोका चुकला असता तर मला कळलं असतं. चढ आला. मी दात आवळले. मोटार चढून गेली आणि मला कळलंसुद्धा नाही माथा कधी आला ते.

सासू दारातच होती. सुईण आत बसलेली होती. म्हातारीनं मला बघितलं, माझ्यामागं मोटारीकडे बघितलं आणि दारातून बाजूला झाली. पुढचं सगळं मी सांगत बसत नाही. मूल अडलं होतं, पण फार वेळ झाला नव्हता. सुईणीचा हात चांगला होता, तिनं मुलीला धरून ठेवलं आणि मी मुलाच्या डोक्याला चिमटा लावला. त्या मुलीनं पुन्हा माझं मनगट धरायला हात पुढं केला, तेव्हा मी म्हटलं, आता नको, आता मला दोन्ही हात लागतात. ती त्या तसल्या वेळी हसली.

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. दवाखान्यासमोरचे रोगी अव्वानं उद्या या म्हणून घालवून दिले होते आणि ती ओट्यावर बसून होती. मी मोटार पत्र्याखाली लावली. माझ्या लुगड्यावरचे डाग तिनं बघितले, पण मुलगा की मुलगी असं विचारलं नाही, सून कशी आहे असंही नाही.

"रडलं का?" तिनं विचारलं.

"रडलं, अव्वा," मी म्हटलं. "लगेच रडलं. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं."

ती उठली, तांब्या भरून आणला आणि मोटारीपुढं जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, आता तापलेली आहे, आता झाकण उघडू नको, वाफ येते. तेव्हा ती तिथंच तांब्या धरून थांबली, इंजिन निवेपर्यंत. मीही तिच्याशेजारी उभी राहिले.